रिहर्सलला टाळ्या नसतात

पुरुषांच्या डोक्यावर बायकांचे केस बसवणे हा माझा धंदा आहे. हसू नका. बोईसरच्या आमच्या चाळीतल्या बायकाही आधी अशाच हसल्या होत्या आणि मग हळूच विचारायला लागल्या, "शैलाताई, आमच्या ह्यांना टक्कल पडलंय, काही होईल का?"

सिनेमात नायिका गच्चीवरून उडी मारते, चालत्या जीपला लोंबकळते, पेटलेल्या झोपडीतून धावत बाहेर येते. ती पाठमोरी दिसली की समजून जा, तो एखादा दिनेश किंवा संतोष आहे. त्याची दाढी दोनदा घोटलेली असते, दंडावरचे केस काढलेले असतात, ब्लाउजमध्ये कापूस कोंबलेला असतो आणि डोक्यावर माझा विग असतो. याला 'डबल' म्हणतात. नायकाचा डबल पुरुष, हे ठीक. नायिकेचाही डबल पुरुषच. का, असं मी नवीन असताना एका फाइट मास्टरना विचारलं होतं. ते म्हणाले, "अरे ताई, लेडीज को चोट लगेगी ना." केवढी ती माया! हीच माणसं ऐन थंडीत नायिकेला पातळ साडीत समुद्रात भिजत उभी ठेवतात आणि स्वतः किनाऱ्यावर जाकीट घालून चहा पितात. तेव्हा लेडीजना काही होत नाही.

मी मूळची कराडकडची. नवऱ्याला तारापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून बोईसरला आले, घरात पार्लर टाकलं आणि तिथून एका बाईने मला शूटिंगवर नेलं. त्या काळी सेटवर एक वाटणी ठरलेली होती. चेहरा पुरुषाचा, केस बाईचे. मेकअप करणारा दादा, केस करणारी ताई. कपाळाच्या वरची हद्द माझी, खालची त्याची. एकदा एका नायिकेची टिकली तिरकी लागली होती, ती मी बोटाने सरळ केली, तर मेकअपदादाने मला व्हॅनमधून बाहेर काढलं होतं. टिकलीसाठी! आता मुली मेकअपही करतात, मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण एखादी मुलगी ब्रश घेऊन आली की जुने दादा अजून एकमेकांकडे बघतात. ते बघणं मी आरशात पकडते.

आरशाने मला संशयी केलं. केस करणारी बाई कायम माणसाच्या मागे उभी असते. समोरच्याला वाटतं, आपल्याला कोणी बघत नाही. मला त्याचा चेहराही दिसतो आणि त्याच्यामागे दारात उभा असलेला निर्मातासुद्धा. कोण गोड बोलताना डोळे कुठे फिरवतो, कोणाच्या मानेवर घाम येतो, सगळं दिसतं. माझे मिस्टर म्हणतात, तुला देवाने प्रसाद दिला तरी तू उलटून बघशील. बघेन. का बघू नये?

एडवणची गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हालाच कळेल.

एका सिनेमाचं शूटिंग एडवणला, समुद्राजवळच्या एका ताडांच्या वाडीत होतं. प्रसंग असा, की गुंड मागे लागलेत आणि नायिका जीव वाचवायला ताडावर चढते. ताड म्हणजे चार मजली इमारतीएवढा, मधे धरायला एक फांदी नाही. आमचा डबल दिनेश मोठा धाडसी गडी, पण तो चढणार होता क्रेनला लावलेल्या तारेवर लटकून. आणि क्रेन अडकली वाडीच्या अरुंद गल्लीत. पुढे जाईना, मागे येईना. तारेशिवाय ताडावर चढणं दिनेशच्या बापजन्मी शक्य नव्हतं, आणि हे त्याने सरळ सांगून टाकलं. म्हणाला, "मी पडायला शिकलोय, चढायला नाही."

मग एक ताडी काढणारा गडी शोधून आणला. उंच, सडपातळ, खारीसारखा चढायचा. त्याला विग लावायला मी खुर्चीत बसवलं, बघते तर काय, ओठांवर ही एवढी झुबकेदार मिशी. पाठमोरा चढला तरी वळताना दिसणार. मी म्हटलं, भाऊ, मिशी काढावी लागेल. तो ताडकन उठला. "मिशी नाय काढणार. साडी नेसवा, काय पन करा, मिशीला हात नाय लावायचा." आणि गेला निघून. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

वाडी ज्यांची होती ते काशिनाथ काका कडेला बसून सगळं बघत होते. आयुष्यभर त्यांनी ताडी काढली, आता गुडघा गेला होता. त्यांच्याशेजारी त्यांची पोरगी जयवंती उभी होती, सगळे तिला जयू म्हणत. वय वीस-बावीस, बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला जायची, त्या दिवशी शूटिंग बघायला दांडी मारलेली. ती एकदम म्हणाली, "मी चढते."

काका तिच्यावर खेकसले, "गप बस!"

पण डायरेक्टर साहेबांनी ऐकलं होतं. ते जवळ आले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "अरे वा! चढून दाखवशील? नुसती रिहर्सल. आम्हाला फक्त बघायचंय की साडीत चढता येतं का. शॉट आम्ही उद्या क्रेन लावून दिनेशवरच घेऊ. काका, काही काळजी करू नका, हे काय शूटिंग नाही."

माझ्या मनात पाल चुकचुकली. साहेबांचा तो आवाज मी ओळखते. नायिकेला ब्लाउजचा गळा आणखी खाली घ्यायला सांगतानाही ते अस्सेच बोलायचे.

पाच मिनिटांत साहेबांचा असिस्टंट माझ्याकडे आला. हातात माझ्यासाठी चहा, वर बिस्किटाचा पुडा. इतक्या वर्षांत त्याने मला एकदा पाणी विचारलं नव्हतं. म्हणाला, "ताई, त्या मुलीला मॅडमची साडी नेसवतोय. तुम्ही जरा तिची वेणी घाला. मॅडमच्या कालच्या शॉटसारखी. उजवी बट कानापुढे, आणि अबोलीचा गजरा अर्धा सुटलेला हवा."

"रिहर्सल आहे ना?" मी विचारलं.

"हो हो, रिहर्सलच."

"मग गजरा अर्धा सुटलेला कशाला हवा?"

तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय," आणि सटकला.

बाहेरच्यांसाठी सांगते. काल नायिका पळताना तिचा गजरा सुटला असं चित्रित केलं, तर आज तिच्याच पुढच्या शॉटला गजरा तितकाच सुटलेला लागतो. एक बट इकडची तिकडे झाली तरी पडद्यावर चोरी पकडली जाते. पण ही सगळी उठाठेव कॅमेऱ्यासाठी. रिहर्सलला आम्ही डोक्याला टॉवेल गुंडाळलेली नायिकासुद्धा चालवून घेतो. मी व्हॅनच्या खिडकीतून बघितलं. 'उद्याच्या' कॅमेऱ्याचं तोंड आजच ताडाकडे वळवलेलं होतं.

सगळा डाव माझ्या लक्षात आला. शॉट म्हटलं की जाळी बांधा, विमा काढा, स्टंटवाल्यांच्या संघटनेला कळवा, डबलचं नाव बदला, नव्या डबलला तिचे पैसे आणि नाव द्या. रिहर्सल म्हटलं की काही नको. पोरगी चढली तर फुकटात शॉट, आणि पडली तर गावातली एक उनाड पोरगी उगाच झाडावर चढली होती. असिस्टंटचा चहा मी रागाने खिडकीबाहेर ओतला.

जयू माझ्यापुढे आरशासमोर बसली होती. तिचे केस राठ, खाऱ्या वाऱ्याने पिंजलेले, पण काय दाट! मी वेणी घालता घालता तिला विचारलं, "चढायला कोणी शिकवलं गं?"

"बानंच. आमाला भाऊ नाय ना. बा मला घेऊन जायचा. मग मी मोटी झाले तर बंद केलं."

"का?"

"बा म्हनतो, लोक खालून बघतात. बाई चढली तर त्याला काम कोन म्हनतो? तमाशा म्हनतात." मग म्हणाली, "ताई, माजं नाव आलं ना पिच्चरमध्ये, काम केलं म्हनून, तर बा मला परत चढू देईल. मला ती पॅकिंग नाय करायची. खोक्यात खोकी भरून जीव जातो."

आता सांगा, अशा पोरीला मी काय सांगायचं होतं? चढू नकोस, म्हटलं असतं तर तिला हाकलून दिलं असतं आणि संपलं असतं. मी दाराकडे बघितलं, कोणी नव्हतं. तिच्या कानाशी वाकले.

"हे बघ, हे लोक म्हणतायत रिहर्सल. मला नाही वाटत. कॅमेरा चालू आहे की नाही ते मला खालून कळणार नाही, तुला वरून कळणार नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेव. शॉट झाला, कोणी जीवावरचं काम केलं, की आमच्यात सगळे टाळ्या वाजवतात. लाइटवाले, चहावाले, सगळे. ती रीतच आहे, हात आपोआप वाजतात. रिहर्सलला कोणी टाळ्या वाजवत नाही. तू वर पोचल्यावर टाळ्या ऐकू आल्या, तर समज की तुझा शॉट घेतला."

"मग काय करू?"

"मग खाली उतरायच्या आधी काय मागायचं ते माग. खाली आल्यावर तुला कोणी ओळख दाखवणार नाही."

ती आरशात माझ्याकडे बघून हसली. मग तिने बापाचा चढायचा जुना दोर कमरेला गुंडाळून गुपचूप पदराखाली झाकला. निदान तेवढं तरी बरं, असं मला वाटलं.

संध्याकाळचं ऊन पिवळं झालं होतं. आमच्याकडे त्या उन्हाची सोन्याहून जास्त किंमत, कारण ते थोडाच वेळ टिकतं. जयूने ताडाला नमस्कार केला, पदराखालचा दोर काढून खोडाभोवती घेतला, पायात दोरीचा फास अडकवला आणि चढायला लागली. काय सांगू तुम्हाला! कमरेचा दोर वर सरकवायचा, पाय जुळवून वर घ्यायचे, पुन्हा दोर. साडी अंगाला चिकटलेली, वेणी पाठीवर हलतेय, अर्धा सुटलेला गजरा वाऱ्यावर. मी इतकी वर्षं बाप्यांना वेण्या घातल्या, पण माझी वेणी अशी बाईच्या पाठीवर चढत जाताना पहिल्यांदाच बघितली. काशिनाथ काका खाली मान घालून बसले होते. बघवत नव्हतं की बघायचं नव्हतं, कोण जाणे.

ती वर पोचली. झावळीला धरून समुद्राकडे वळली. वाडीत अगदी शांत होतं.

आणि टाळी वाजली.

पहिली टाळी दिनेशची होती. मी त्याच्या शेजारीच उभी होते म्हणून खात्रीने सांगते. त्याच्यामागे लाइटवाले, मग जेवणवाले, मग गल्लीत अडकलेल्या क्रेनचा ड्रायव्हरसुद्धा. सगळी वाडी दणाणली. साहेब हात हलवून 'गप, गप' करत होते, पण आता काय उपयोग? दिनेशने ती टाळी सवयीने वाजवली की मुद्दाम, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, हात सुटला." हात सुटला म्हणे! माझा त्याच्यावर अजून संशय आहे, पण चांगला.

"उतर खाली! शाबास! उतर!" असिस्टंटने भोंग्यातून आवाज दिला.

वरून जयूचा आवाज आला. "टाळ्या कशाला वाजवल्या?"

खाली सगळे साहेबांकडे बघायला लागले.

"रिहर्सल व्हती ना? मग टाळ्या कशाला? कॅमेरा चालू व्हता का?"

साहेब म्हणाले, "अगं बाई, आधी खाली ये, मग बोलू."

"नाय! आदी बोला. मी हितंच बसते. मला काय, मला सवय हाय."

आणि ती बया खरंच झावळ्यांत बसली. मला तर नाचावंसं वाटत होतं. कारण साहेबांची गोची मला कळत होती. अर्धाच शॉट झाला होता. नायिका खाली उतरते तो भाग राहिला होता आणि ऊन समुद्रात चाललं होतं. उद्या क्रेन निघेल याचा भरवसा नव्हता. आणि सगळ्या युनिटसमोर पोरगी चार मजले उंचावर बसून त्यांना खोटं पाडत होती. साहेबांनी घड्याळ बघितलं, सूर्य बघितला, फाइट मास्टरकडे बघितलं. मास्टर बुटाच्या टोकाने वाळू उकरत होते.

"काय पाहिजे तुला?" शेवटी साहेबांनी भोंगा हातात घेतला.

"नाव पाहिजे. हिरॉईनचं काम मी केलं म्हनून पिच्चरमध्ये नाव. जयवंती काशिनाथ. बाचं पन लावायचं!"

"बरं, देऊ."

मी मधे पडले. "साहेब, बरं देऊ नाही. सगळ्यांसमोर शब्द द्या. आणि खाली जाळी धरा, मगच ती उतरेल."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की आता माझं या कंपनीतलं काम संपलं हे मी ओळखलं. (संपलंच. नंतर त्यांचा एकदाही फोन आला नाही.) पण त्यांनी भोंग्यातून शब्द दिला. मास्टरना बोलायला लावलं. मास्टरनी नेहमीच्या पद्धतीने पुकारलं, "सायलेन्स! डबल फॉर हिरॉईन, जयवंती काशिनाथ!" दिनेश आणि फाइटर मुलांनी जाळी धरली. जयू झरझर उतरली, शॉट झाला, आणि यावेळी टाळ्यांना कोणी अडवलं नाही. काशिनाथ काका गुडघा धरून उठले होते. लोकांना विचारत होते, "माजं नाव घेतलं का वं त्यांनी? माजं?"

इथेच गोष्ट संपवली असती तर दिवाळी अंकाला शोभली असती. पण मी संशयी बाई. भोंग्यातला शब्द हवेत जातो, हे मला माहीत होतं.

सिनेमा आला. आधी मोबाइलवर मॅडमची मुलाखत आली. ताडावर चढायला आपण किती मेहनत घेतली, पाय कसे सोलवटले, हे त्या हसत हसत सांगत होत्या. मॅडम त्या दिवशी एसी व्हॅनमध्ये काकडी खात होत्या. मी मुलाखत जयूला दाखवली नाही, तिनेच मला दाखवली. म्हणाली, "बोलू दे ताई. शेवटी नाव तर येईल ना."

बोईसरच्या थिएटरात आम्ही तिघं गेलो. मी, जयू आणि काशिनाथ काका, इस्त्रीचा सदरा घालून. हॉल कंपन्यांतल्या पोरांनी भरला होता. ताडाचा प्रसंग आला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या. माझी वेणी पडद्यावर केवढी मोठी दिसत होती! काका पुढे वाकून बघत राहिले. एकदाच पुटपुटले, "दोर बरोबर सरकवते."

सिनेमा संपला. दिवे लागले, दारं उघडली, लोक निघाले. नावांच्या पाट्या तेव्हाच सुरू होतात, तुम्हाला ठाऊक आहे. कोणीही थांबत नाही. झाडूवाला आत आला आणि आम्हाला म्हणाला, "चला काकी, खतम."

"खतम नाही. बसू दे आम्हाला," मी म्हटलं.

उजेडात फिकट पडलेल्या पडद्यावर नावं वर वर सरकत होती. कॅमेरावाले, लाइटवाले, जेवणवाले, गाड्यांचे ड्रायव्हर. काकांना वाचता येत नाही, ते पडद्याकडे बघायचे आणि मग जयूच्या तोंडाकडे. मी डोळ्यांत तेल घालून वाचत होते. केसांच्या ओळीत माझंही नाव नव्हतं, ते जाऊ दे. मग स्टंटची नावं आली. नायकाचे डबल. त्याच्याखाली नायिकेचा डबल. तिथे एकच नाव होतं, दिनेशचं.

मी खुर्चीचा हात गच्च धरला. सगळं सरकून गेलं. शेवटी गावकऱ्यांचे आभार मानले आणि पडदा काळा झाला.

"आलं का गो नाव?" काकांनी विचारलं.

जयूने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी आरशात माणसांचे चेहरे वाचले, पण त्या पोरीचा तेव्हाचा चेहरा मला वाचवेना.

"आलं बा," ती म्हणाली.

"माजं पन?"

"दोगांचं आलं. वरती तुजं, खाली माजं."

काका उठून उभे राहिले. रिकाम्या थिएटरात, काळ्या पडद्यासमोर, ताडी काढून काढून लाकडासारखे झालेले दोन हात त्यांनी वर केले आणि टाळ्या वाजवायला लागले. झाडूवाला थबकून बघत राहिला. काका थांबेनात. जयू त्यांच्याशेजारी ताठ उभी राहून ऐकत होती. मी पाटी वाचली होती, तरी मीही उठले आणि टाळ्या वाजवल्या.